कोमट पाण्याने थंड होणारे संगणक

एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डाची वीज घेण्याची मर्यादा ४५० वॉट आहे. त्यानंतर आलेल्या ५०९० ची ५७५ वॉट. इंटेलचा कोअर आय९-१४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोर लावतो तेव्हा २५३ वॉटपर्यंत जातो. संगणक काही उचलत नाही की ढकलत नाही, त्यामुळे घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरते. घरात असे तीन संगणक असतील, एकावर थ्रीडी रेंडरिंग, दुसऱ्यावर एआय मॉडेल आणि तिसऱ्यावर मुलांचे गेम, तर दीड हजार वॉटचा हिशेब सहज होतो. एसीचा एक टन म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट. म्हणजे दीड टनाच्या एसीची चौथ्या हिश्श्याहून जास्त ताकद फक्त या तीन डब्यांची उष्णता उपसण्यात जाते, आणि त्याचं बिल वेगळं येतं.

अशा घरासाठी एक उपाय म्हणजे तिन्ही संगणकांतून एकच पाणी फिरवायचं आणि त्यातली उष्णता बाल्कनीत किंवा गच्चीवर सोडून द्यायची. अशी मोठी यंत्रणा वर्षानुवर्षं बिनबोभाट चालावी म्हणून काय लागतं, ते या लेखात पाहू. घरात एकच संगणक असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका. चांगला हवेचा कूलर स्वस्त असतो, त्यात बिघडण्यासारखा फक्त पंखा असतो, आणि तो पाच मिनिटांत बदलता येतो.

पाणीच का, याचं उत्तर एका आकड्यात आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात जवळजवळ साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. म्हणून हवेने जे काम करायला मोठे पंखे आणि भरपूर आवाज लागतो, ते बोटभर जाडीच्या नळीतलं पाणी शांतपणे करतं. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर ते दर अंशामागे सुमारे ७० वॉट वाहून नेतं. आपल्या तीन संगणकांत मिळून मिनिटाला १२ लिटर पाणी फिरवलं, तर दीड हजार वॉट पोटात घेऊनही ते दोन अंशसुद्धा तापत नाही.

हा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण त्यामुळे एक मोठा गैरसमज दूर होतो. पाणी संगणकात गार शिरतं आणि कढत होऊन बाहेर पडतं, असं अनेकांना वाटतं. मग रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी पात्यांची जाळी) आधी की प्रोसेसर आधी, यावर वाद होतात. प्रत्यक्षात पुरेसा प्रवाह असेल तर सगळ्या चक्रातलं पाणी जवळजवळ एकाच तापमानाचं असतं. कोणता भाग आधी आणि कोणता नंतर, याने एखाद्या अंशाचा फरक पडतो. नळ्या जिथून सरळ आणि कमी वळणांनी जातील तिथून न्याव्यात.

पाणी किती गार हवं?

माझं ठाम मत आहे की घरगुती यंत्रणा बिघडवणारी सर्वात मोठी हौस म्हणजे पाणी गार करण्याची. बर्फ टाकणं, चिलर म्हणजे पाणी गार करणारं यंत्र जोडणं, जमिनीखालच्या टाकीतलं पाणी फिरवणं, हे सगळं आकर्षक वाटतं, पण चिपला त्याची गरज नसते.

उष्णतेचा प्रवास असा होतो: चिप, तिच्यावरची थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप), तांब्याचा वॉटरब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा ठोकळा), पाणी, रेडिएटर आणि शेवटी हवा. उष्णता पुढे सरकायची तर प्रत्येक टप्प्यावर तापमान थोडं उतरावं लागतं. चांगला वॉटरब्लॉक बसवलेलं ४५० वॉटचं ग्राफिक्स कार्ड पाण्यापेक्षा साधारण १५ ते २० अंशांनी गरम राहतं. प्रोसेसरची चिप लहान असते आणि तिच्यावर धातूचं झाकण असतं, त्यामुळे २५० वॉटला तो पाण्यापेक्षा ३५ ते ४० अंशांनी किंवा थोडा अधिकच वर असतो. आता मर्यादा पाहा: वर सांगितलेला इंटेलचा प्रोसेसर १०० अंशांपर्यंत चालतो, एएमडीचे रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर ९५ पर्यंत, आणि ४०९० कार्ड ९० पर्यंत. म्हणजे पाणी ४५ अंश असलं तरी कार्ड पासष्टच्या आसपास आणि प्रोसेसर पंचाऐंशीच्या आसपास राहील. हाताला गरम लागणारं हे पाणी चिपच्या दृष्टीने पुरेसं थंड आहे.

मोठ्या महासंगणकांनी हे केव्हाच ओळखलं. आयबीएम आणि झुरिकचं ईटीएच हे तंत्रविद्यापीठ यांनी २०१० मध्ये अ‍ॅक्वासार नावाचा संगणक उभा केला. त्यात ६० अंशांपर्यंतचं गरम पाणी चिप थंड करायला वापरलं आणि तीच उष्णता इमारती उबदार ठेवायला दिली. म्युनिकजवळच्या गार्शिंग इथे २०१२ मध्ये सुरू झालेला सुपरएमयूसी हा महासंगणकही कोमट पाण्यावरच चालवला गेला. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या, सीडॅक या सरकारी संगणन संस्थेने उभारलेल्या परम ब्रह्म या महासंगणकामध्येही द्रव थेट चिपवरच्या प्लेटपर्यंत नेण्याची पद्धत आहे.

गार पाणी नुसतं अनावश्यक नाही, ते आपल्याकडे धोक्याचंही आहे. मुंबई, कोकण, गोवा इथे पावसाळ्यात हवा ३२ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असणं रोजचंच. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली दव जमू लागतं ते तापमान, २७ अंश येतो. म्हणजे २५ अंशांचं पाणी नळीतून फिरवलं की नळीच्या, फिटिंगच्या आणि वॉटरब्लॉकच्या बाहेरच्या अंगावर दव जमणार, आणि ते थेंब मदरबोर्डवर ओघळणार. एकही सांधा गळत नसताना संगणक भिजेल. पाणी खोलीच्या हवेपेक्षा गरम असेल तर दव पडूच शकत नाही. साध्या रेडिएटरने थंड झालेलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा नेहमी थोडं गरमच राहतं, म्हणून ती पद्धत आपोआप सुरक्षित ठरते. खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त गरम आणि दमट असेल तेवढाच अपवाद, पण एसीच्या खोलीत तो सहसा येत नाही.

रेडिएटरचा हिशेब

रेडिएटर किती उष्णता टाकतो, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. फरक दुप्पट, तर उष्णताही जवळजवळ दुप्पट. ढोबळ नियम असा की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढा रेडिएटरचा तुकडा, पंखा फार आवाज न करता फिरत असताना आणि फरक १० अंश असताना, १०० वॉटच्या आसपास उष्णता टाकतो. दीड हजार वॉटसाठी असे १५ तुकडे झाले. जर्मनीच्या वॉटरकूल कंपनीचा मो-रा३ हा मोठा रेडिएटर या छंदातल्या लोकांना चांगला माहीत आहे. त्याच्या मोठ्या आवृत्तीवर १४० मिलिमीटरचे नऊ पंखे बसतात, म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे १२ तुकडे. एक लावला तर पाणी हवेपेक्षा साडेबारा अंश वर राहील, दोन लावले तर सहा-साडेसहा अंश.

हा फरक मे महिन्यात जाणवतो. पुण्यात सावलीत ४० अंश असताना एका रेडिएटरवर पाणी ५२-५३ ला जाईल आणि पूर्ण जोरावरचा प्रोसेसर नव्वदी ओलांडेल. दोन असतील तर पाणी ४६-४७ वर थांबेल. नागपूर-चंद्रपूरकडे ४५ अंशांच्या दुपारी दोन रेडिएटर असूनही पाणी ५१-५२ होईल. तिथे आणखी रेडिएटर लावण्यापेक्षा मी प्रोसेसरची वीजमर्यादा कमी करायला सांगेन. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) २५३ वरून १५० वॉटवर आणल्याने कामाचा वेग त्या प्रमाणात घटत नाही, पण प्रोसेसर आणि पाणी यांच्यातला फरक बराच खाली येतो. विदर्भातल्या कोरड्या हवेचा फायदाही घेता येतो. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून येणारी हवा बरीच खाली उतरते, तिथली आदर्श मर्यादा २४ अंशांच्या आसपास आहे. डेझर्ट कूलरच्या झोतात रेडिएटर ठेवला की उन्हाळ्याचे दोन महिने निभावतात. कूलरचं पाणी मात्र रेडिएटरच्या पात्यांवर उडता कामा नये, क्षार साचून ती बुजतात. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने पाती खराब होतात, तिथे अधूनमधून गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुवावीत.

पंप आणि वॉटरब्लॉकच्या नळ्या यांची मर्यादा बहुधा ६० अंशांची असते. म्हणून पाणी ५५ ला पोचलं की संगणकाने आपणहून बंद व्हावं, अशी सोय आधीच करून ठेवावी.

नळ्या, उंची आणि दाब

रेडिएटर गच्चीवर ठेवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एवढ्या उंचीवर पाणी चढवायला पंप केवढा लागेल? बंद चक्रात पाणी वर चढवावं लागतच नाही. कप्पीच्या दोन्ही बाजूंना सारख्याच भरलेल्या घागरी असल्या तर ओढणाऱ्याला वजन जाणवत नाही, तसं इथे उतरणाऱ्या नळीतलं पाणी चढणाऱ्या नळीतल्या पाण्याला तोलून धरतं. पंपाला लढावं लागतं ते फक्त घर्षणाशी. चक्र पहिल्यांदा भरताना मात्र उंची लागते, तेव्हा पाणी वरूनच ओतावं.

घर्षण कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे जाड नळी. मिनिटाला १२ लिटर पाणी १३ मिलिमीटरच्या नळीतून नेलं तर २० मीटरला चार मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब खर्च होतो. संगणकांच्या छंदात सर्वमान्य असलेला डी५ पंप जास्तीत जास्त तेवढाच दाब देतो, तोही प्रवाह नसताना. हीच वाट २५ मिलिमीटरच्या नळीने केली तर खर्च विसाव्या हिश्श्यावर येतो. म्हणून लांबची धाव जाड नळीची आणि संगणकाजवळचे शेवटचे दोन हात बारीक, मऊ नळीचे, अशी विभागणी करावी. तीन संगणक एकामागून एक न जोडता जाड नळीला समांतर फांद्या काढून जोडावेत आणि प्रत्येक फांदीवर वॉल्व्ह असावा. म्हणजे एक संगणक काढला तरी बाकीचे दोन चालू राहतात. जोडणीला न सांडणारे क्विक डिस्कनेक्ट, म्हणजे झटकन सुटणारे सांधे, वापरले की संगणक सोडवताना जेमतेम थेंबभर पाणी पडतं.

उंचीचा खरा त्रास दाबाचा आहे, आणि तो अनेकांच्या ध्यानात येत नाही. दर दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे साधारण वातावरणाच्या दाबाएवढा, दाब वाढतो. गच्ची दोन मजले वर असेल तर खालच्या वॉटरब्लॉकवर पंप बंद असतानाही ०.६ बार दाब कायम राहतो. संगणकासाठी बनवलेल्या अ‍ॅक्रिलिकच्या टाक्या आणि ब्लॉक साधारण याच दाबाला तपासले जातात, आणि इथे तो त्यांना रात्रंदिवस सोसावा लागतो. शिवाय कुठे गळती झालीच, तर गच्चीपासूनचं सगळं पाणी खालच्या खोलीत येणार.

म्हणून रेडिएटर वरच्या मजल्यावर असेल तर दोन स्वतंत्र चक्रं करावीत. आतलं चक्र छोटं, पाच-सहा लिटरचं, फक्त संगणकांचं. बाहेरचं चक्र रेडिएटरचं. दोघांच्या मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर: स्टेनलेसचे पातळ पत्रे, एका बाजूने आतलं पाणी आणि दुसऱ्या बाजूने बाहेरचं. उष्णता पलीकडे जाते, पाणी जात नाही. याची किंमत म्हणून आतलं पाणी तीन ते पाच अंश अधिक गरम राहतं, पण बाहेरचा दाब आणि बाहेरची घाण दोन्ही संगणकापर्यंत पोचत नाहीत. डेटा सेंटरमध्येही हीच रचना असते. रेडिएटर त्याच मजल्यावर बाल्कनीत असेल तर एवढ्या खटाटोपाची गरज नाही, एकच चक्र पुरतं.

पाण्यात काय असावं आणि काय नसावं

दीर्घकाळ चालणाऱ्या यंत्रणेचा शत्रू गंज आहे. वॉटरब्लॉक तांब्याचा असतो, त्यावर कधी निकेलचा मुलामा असतो. फिटिंग पितळी. हे तिघे एकमेकांशी जमवून घेतात. त्याच पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आलं की पाणी विद्युतघटाचं काम करू लागतं, आणि अ‍ॅल्युमिनियम विरघळत जातं. त्याची पांढरट साय ब्लॉकमधल्या केसाएवढ्या खाचांत अडकते. आजच्या बहुतेक गाड्यांचे रेडिएटर अ‍ॅल्युमिनियमचे असतात, म्हणून भंगारातला स्वस्त रेडिएटर पाहून मोह झाला तरी आवरावा. जुन्या इमारतींतल्या जीआय पाइपलाही तोच नियम लागू आहे, कारण त्यावर जस्ताचा थर असतो. नवा तांब्याचा रेडिएटरसुद्धा आणल्याबरोबर जोडू नये. त्यात जोडकामाचा फ्लक्स (डाग देताना लावतात ते रसायन) राहिलेला असतो, तो गरम पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळून काढावा आणि शेवटची धुणी डिस्टिल्ड पाण्याची करावी.

चक्रात नळाचं पाणी नको, बोअरचं तर नकोच, क्षार बसतात. आरओचं पाणीही पुरेसं शुद्ध नसतं, घरगुती आरओ काही क्षार मुद्दाम शिल्लक ठेवतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर योग्य. पण तेही नुसतं वापरू नये, त्यात गंजरोधक आणि जंतुनाशक लागतं. तयार कूलंट किंवा २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गंजरोधकासह मिश्रण हे दोन चांगले पर्याय आहेत. ग्लायकॉल काटकसरीने पाच-दहा टक्केच घातलं तर उलटा परिणाम होतो: एवढ्या पातळ ग्लायकॉलवर जंतू मरत नाहीत, पोसले जातात. गाडीच्या कूलंटमध्ये बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतं. ते विषारी आहे आणि चवीला गोड लागतं, त्यामुळे लहान मुलं किंवा कुत्री-मांजरं असलेल्या घरात ते आणूच नये.

नळ्या काळ्या, अपारदर्शक असाव्यात. पारदर्शक नळीतून रंगीत पाणी छान दिसतं, पण प्रकाश आणि कोमट पाणी मिळालं की शेवाळ धरतं. शिवाय पीव्हीसीच्या मऊ नळ्यांतून प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) झिरपतं आणि ब्लॉकमध्ये चिकट थर बसतो. ईपीडीएम रबराच्या नळीला हा त्रास नाही. मोठ्या यंत्रणेत पंपाच्या आधी एक जाळीचा फिल्टर हवाच, कारण ब्लॉकमधल्या खाचा मिलिमीटरच्या अंशाएवढ्या असतात आणि एवढ्या लांब नळ्यांतून कचरा हमखास येतो.

बिघडलं तर काय

पंखा बंद पडणं आणि पंप बंद पडणं या दोन अगदी वेगळ्या घटना आहेत. चक्रात २० लिटर पाणी असेल आणि पंखे थांबले, तर दीड हजार वॉटवर ते मिनिटाला साधारण एक अंशाने तापतं. ४० वरून ६० वर जायला १८-१९ मिनिटं लागतात. एक लिटरच पाणी असेल तर तेच जेमतेम मिनिटभरात होतं. मोठ्या चक्राचा हा खरा फायदा. पंप थांबला तर मात्र ही २० लिटरची पुंजी उपयोगाची नाही, कारण ब्लॉकमध्ये फक्त काही चमचे पाणी असतं आणि ते काही सेकंदांत कढतं. चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते, मग बंद होते, पण रोज तिच्या भरवशावर राहू नये.

म्हणून पंप दोन, एकामागे एक. डी५ सारख्या पंपातून तो बंद असतानाही पाणी जाऊ शकतं, त्यामुळे एक गेला तरी दुसरा चक्र चालू ठेवतो. पंप समांतर लावले तर बंद पंपातून पाणी उलटं फिरतं, मग नॉन-रिटर्न वॉल्व्ह लागतात, आणि बिघडायला आणखी एक भाग वाढतो. पाण्याची टाकी नेहमी पंपाच्या आधी आणि पंपापेक्षा वर, कारण पंपाचं बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं आणि कोरडा फिरला तर लवकर खराब होतो. टाकी काठोकाठ भरू नये. २५ वरून ६० अंशांवर जाताना पाणी सुमारे दीड टक्का फुगतं. २० लिटरला ते पाव लिटरहून जास्त होतं, आणि त्याला जागा मिळाली नाही तर ते सांध्यातून वाट काढतं.

आपल्याकडची खास काळजी विजेची. संगणक यूपीएसवर आणि पंप साध्या सॉकेटवर, अशी जोडणी असेल तर वीज गेल्यावर संगणक चालू राहतात आणि पाणी थांबतं. दोन्ही एकाच यूपीएसवर हवेत. प्रवाह मोजणारा सेन्सर असा जोडावा की पाणी थांबताच संगणक बंद होतील. नुसता बीप वाजून उपयोग नाही, घरात कोणी नसेल तर तो ऐकणार कोण? पंप, सांधे आणि टाकी यांच्याखाली उथळ ट्रे ठेवून त्यात ओल ओळखणारा सेन्सर टाकावा.

शुद्ध पाण्यातून वीज जात नाही, म्हणून गळती झाली तरी काही होत नाही, असं सांगणारे भेटतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. धातूंना स्पर्श करत फिरणारं पाणी फार काळ शुद्ध राहत नाही, आणि बोर्डावरची धूळ उरलेलं काम करते. अ‍ॅपलने २००४ मध्ये पॉवर मॅक जी५ चं द्रवाने थंड होणारं मॉडेल आणलं होतं. काही वर्षांनी त्यातली अनेक यंत्रं गळतीने निकामी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीलाही सांधे कायमचे सांभाळता आले नाहीत, तेव्हा सांधे कमी ठेवणं आणि ते डोळ्यांना दिसतील, हाताला लागतील असे ठेवणं फार महत्त्वाचं आहे. भिंतीत किंवा फॉल्स सीलिंगमध्ये सांधा कधीही नको.

सगळं जोडून झालं की पाणी भरण्याआधी हवेने तपासावं. हातपंपाने अर्धा बार दाब भरून, गेजवरचा काटा अर्धा तास हलत नाही ना, हे पाहावं. मग पाणी भरून संगणक पूर्ण बंद ठेवून फक्त पंप एक दिवस चालवावेत, प्रत्येक सांध्याखाली कोरडा टिश्यू पेपर लावून. हवेचे बुडबुडे सर्वात उंच जागी जमतात, तिथे हवा काढायचा वॉल्व्ह ठेवला असेल तर दोन-तीन वेळा उघडून ती सोडून द्यावी. टाकीतली पातळी उतरेल, तेवढं पाणी घालावं. पहिल्या महिन्यानंतर फिल्टर उघडून धुवावा, त्यात नळ्यांतला बराच कचरा सापडेल. पुढे वर्षातून एकदा तो उघडावा आणि साधारण दोन वर्षांनी पाणी बदलावं. जाळीवर पांढरी किंवा हिरवट साय दिसली तर दोन वर्षं थांबू नये: पाणी लगेच काढावं, एक ब्लॉक उघडून आत पाहावं, आणि कोणता धातू खाल्ला जातो आहे ते शोधल्याशिवाय नवं पाणी भरू नये.